देवघरातली मालिका

"घळसासी, या, बघा तुमचं देवघर!"

सकाळचे सात वाजले होते. मोहितेसाहेबांनी मला बनियनवरच दुसऱ्या मजल्यावर, त्यांच्या दिवाणखान्यात नेलं. त्यांच्या मातोश्री हातात जपमाळ घेऊन खुर्चीत बसल्या होत्या आणि समोर चाळीस इंची टीव्हीवर एका बाईची उघडी पाठ होती. मानेपासून कमरेपर्यंत. पाठीवर पुरुषाचा हात.

"पाहणे सुरू ठेवा," मोहितेंनी पडद्यावरची अक्षरं मोठ्यानं वाचली. "पाचवा भाग अर्धा झालाय. आई म्हणाली कीर्तन लाव. मी देवघर दाबलं, तर हे आलं पुढ्यात."

"मला धड दिसत नाही रे," मातोश्री म्हणाल्या. "पाठीत उसण भरलीय का कुणाच्या? चोळतायत का?"

"तू डोळे मीट, आई."

मला शिसारी आली. पाठीची आलीच, पण त्याहून जास्त आली ती ‘देवघर’ ही अक्षरं त्या पाठीच्या वरच, डाव्या कोपऱ्यात, दिवा लावल्यासारखी चमकत होती त्याची. ते नाव मी दिलेलं होतं.

आमच्या रामकृपा अपार्टमेंटनं त्या वर्षी फाल्गुनात केबल तोडली होती. कल्पना माझी. मी पोस्टातून निवृत्त झालेला, सोसायटीचा सेक्रेटरी, आणि रोज कीर्तन ऐकल्याशिवाय जेवण न उतरणारा माणूस. केबलवर दोनशे वाहिन्या येत आणि त्यातल्या एकशे नव्वद बघून हात धुवावेसे वाटत. सुना सासूच्या दुधात काय काय कालवतात ते बघायला आपण दर महिन्याला पैसे भरायचे, हे मला पटेना. मी बाराही घरं फिरलो. गच्चीवर फुकट वाहिन्यांसाठी एक छत्री बसवली आणि इंटरनेटवरच्या एका मोठ्या कंपनीचं एकच खातं सगळ्यांत मिळून घेतलं. असं बारा घरांत वाटून घ्यायला कंपनीची परवानगी नसते, हे बारीक अक्षरांत लिहिलेलं मी वाचलं होतं. वाचून पुढं सरकवलं होतं.

खात्यात पाचच नावं घालता येत होती. म्हणून पहिला मजला, दुसरा मजला, तिसरा मजला, मुलं, आणि पाचवं देवघर. देवघर म्हाताऱ्यांसाठी. त्यात कीर्तनं, प्रवचनं, आरत्या. म्हाताऱ्यांना आकडे दाबता येत नाहीत म्हणून त्याला कुलूप ठेवलं नव्हतं.

केबलवाला बाळू तारा गुंडाळायला आला तेव्हा मी त्याला चहा दिला होता. वाईट वाटत होतं म्हणून. चहा पिऊन तो म्हणाला, "काका, माझ्या केबलमधनं कचरा येत होता, कबूल. पण कुणाच्या घरात कुठला कचरा उतरला, ते मला कधी दिसलं नाही."

मी हसलो होतो.

"दुपारी पाहिलंय कुणीतरी," मोहिते आता म्हणत होते. "परवा चार भाग, काल हा. काल सकाळी आईनं लावलं तेव्हा दुसरं काहीतरी वर होतं, माझं लक्ष गेलं नाही. देवघर कोण कोण लावतं? माझी आई. शिंगट्यांचे वडील, त्यांना दिसत नाही. तुम्ही. आणि तळमजल्यावरचे बुवा."

"बुवा कशाला..."

"एकटा माणूस. बायको जाऊन सहा वर्षं झाली. दुपारी दार लावून आत. तुम्हीच त्यांच्या फोनवर देवघर घालून दिलंय ना?"

मीच दिलं होतं. केशवबुवा औंधकरांना दुसऱ्या बुवांची कीर्तनं ऐकायला आवडत. "आपल्याला काय येत नाही ते कळतं," असं म्हणत. तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत ते भाड्यानं राहायचे. आवारातल्या आमच्या छोट्या राममंदिरापुढं पाडव्यापासून नवमीपर्यंत त्यांचं कीर्तन असे, बिदागी न घेता. बुवांचा आवाज आता थकला होता, वरचा सूर फाटायचा. पण रामाच्या नावाशी ते असे थांबत की पाठीमागं उभा राहिलेला दूधवालासुद्धा किटली खाली ठेवायचा.

"आज पंचमी," मोहिते म्हणाले. "अजून चार दिवस हा माणूस नारदाच्या गादीवर उभा राहून आपल्या बायकामुलांना बुक्का लावणार? अकरा वाजता पार्किंगमध्ये सभा घ्या. तुम्ही सेक्रेटरी आहात."

मी घरी आलो. खात्याचा मालक मीच, तेव्हा त्यातली आतली पानं मलाच उघडता येत होती. कुठल्या टीव्हीवर, कुठल्या नावानं, कधी काय लागलं, त्याची यादी तिथं होती. बुवांच्या फोनवर पाडव्यानंतर एकदाही काही लागलेलं नव्हतं. उत्सवाच्या दिवसांत ते दुसऱ्याचं कीर्तन ऐकत नसत, हे मला ठाऊक होतं, पण लक्षात आलं नव्हतं.

परवा दुपारी दोन ते पाच आणि काल दुपारी अडीच ते तीन, देवघर लागलं होतं ते तिसऱ्या मजल्यावरच्या एका टीव्हीवर. त्या टीव्हीला ‘घळसासी हॉल’ असं नाव मीच दिलं होतं. परवा दुपारी मी बँकेत होतो, काल मंडपाची कनात बांधायला खाली.

कुमुद स्वयंपाकघरात शेपू निवडत होती. मी दार लोटून घेतलं.

"तू दुपारी टीव्ही लावतेस?"

"लावते की."

"काय बघतेस?"

तिनं माझ्या हातातला फोन पाहिला आणि जुडी खाली ठेवली. "ती बावन्न वर्षांच्या बाईची गोष्ट. का?"

"देवघरात?"

"मला काय कळतंय त्यातलं? तुम्ही सकाळी कीर्तन ऐकता आणि तसंच ठेवून जाता. मी त्यातच शोधलं, सापडलं. चांगली आहे हो. नवरा गेल्यावर ती पोहायला शिकते. मग तिथं एक जण भेटतो."

"आणि ती पाठ?"

"एकदाच दिसते." ती थांबली. "दोनदा."

मला किळस आली. हे आज लिहितानाही लपवत नाही. अडतीस वर्षं जिच्या हातचा नैवेद्य देवापुढं ठेवला, ती भर उत्सवात दुपारी कोचावर बसून हे बघत होती. मी दोन पावलं मागं सरकलो. ते तिला दिसलं.

"असं काय बघताय? मी काय चोरी केली?"

"मोहितेंनी बघितलंय. सभा आहे अकराला. बुवांवर घेतलंय सगळ्यांनी."

"बुवांवर?" ती उठलीच. "अगं बाई! थांबा, मी जाऊन सांगते. मी पाहिलं म्हणून सांगते. त्यात काय?"

मी दारात आडवा उभा राहिलो. "तू कुठंही जायचं नाहीस. या इमारतीत मला काही किंमत आहे. उद्या जिन्यावर बायका काय बोलतील? घळसासी पहाटे टाळ्या वाजवतात आणि त्यांची बायको..."

"आणि बुवांना बोलले तर चालेल?"

"बुवांचं काय जायचंय? ते एकटे आहेत."

 कुमुदनं खाली बसून शेपूची जुडी पुन्हा हातात घेतली आणि एक एक काडी मोडायला लागली. निवडत नव्हती, नुसती मोडत होती.

सभेला मी तिचं डोकं दुखतंय असं सांगितलं.

पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. त्या सभेइतकी ओंगळ सभा मी पाहिली नाही. सगळ्यांची तोंडं आंबट आणि सगळ्यांचे डोळे चकचकीत. मोहितेंनी त्या पाठीचा फोटो काढून आणला होता आणि तो फोन ‘पुरावा’ म्हणून खुर्च्यांमधून फिरत होता. प्रत्येक जण "शी!" म्हणत होता आणि पुढं द्यायच्या आधी दोन बोटांनी चित्र मोठं करत होता.

"नाव काय हो या मालिकेचं?" शिंगटेवहिनींनी विचारलं. "नाही, म्हणजे आपल्याकडून चुकून लागायला नको."

कुणीतरी नाव सांगितलं. कुणीतरी पुन्हा एकदा विचारून घेतलं.

बुवा शेवटच्या खुर्चीत बसले होते. धोतर, सदरा, मांडीवर हात. फोन त्यांच्यापर्यंत आला तेव्हा त्यांनी पाहिला नाही, शेजाऱ्याला दिला.

"बुवा, तुम्हाला काही सांगायचंय?" मोहिते म्हणाले.

"मी हे पाहिलेलं नाही."

"मग कुणी पाहिलं?"

"ते मी कसं सांगू, साहेब?" बुवा माझ्याकडं वळले. "सेक्रेटरी, त्या यंत्राला कळतं का हो, कुठल्या घरात लागलं ते?"

फोन माझ्या सदऱ्याच्या खिशात होता. यादी उघडीच होती, मी बंदसुद्धा केली नव्हती.

"नाही बुवा," मी म्हणालो. "त्यात तशी सोय नाही."

त्यांनी मान हलवली. माझ्या शब्दावर त्यांना संशय आला नाही. "मग झालं," म्हणाले.

मोहितेंना कीर्तन त्याच दिवशी बंद करायचं होतं. मी मध्ये पडलो. म्हणालो, उत्सव मोडणं बरं नाही, नवमीपर्यंत कीर्तनं होऊ द्या, मग बुवांनी दुसरीकडं जागा बघावी. सगळ्यांना पटलं. "घळसासी आहेत म्हणून निभावलं," असं दोघं-तिघं म्हणाले. बुवांनी उठून मला हात जोडले. मीही जोडले.

त्या संध्याकाळी कीर्तनाला रोजच्यापेक्षा गर्दी झाली. जे कधी येत नव्हते तेही सतरंजीवर येऊन बसले, बुवा आता कुठल्या तोंडानं बोलतात ते बघायला. कार्यक्रमपत्रिकेत त्या दिवशी सीतेवर लोकांनी आळ घेतल्याचं आख्यान छापलेलं होतं. बुवांनी ते लावलंच नाही. नावाड्यानं रामाचे पाय धुतल्याची कथा सांगितली. "छापण्यात चूक झाली असावी," एवढंच म्हणाले. छापून मीच आणलं होतं आणि आख्यानं त्यांनी स्वतः लिहून दिली होती.

आमच्याकडं पूर्वरंग संपला की कीर्तन जरा थांबतं. यजमानांतला एक जण उठून बुवांना हार घालतो, कपाळाला बुक्का लावतो, पाया पडतो. मग बुवांच्या हातचा बुक्का सगळ्या श्रोत्यांच्या कपाळी लागतो, तेव्हा कुठं उत्तररंगाची कथा सुरू होते. त्या संध्याकाळी बुवा थांबले आणि कुणीच उठेना. पेटीवाला नुसता एक सूर धरून बसला. बुवा डोळे मिटून उभे.

मी उठलो. हार घातला, बुक्का लावला, वाकलो. माझ्या पाठीमागं कुजबुज झाली आणि ती मला चक्क आवडली. बघा, घळसासींचं मन केवढं! मग बुवा रांगेतून फिरले, तर लोकांनी माना मागं घेतल्या. "नको, घाम आहे." "नको, ऍलर्जी आहे." शिंगटेवहिनींनी पोरीच्या कपाळावर हात ठेवला. बुवा तसेच पुढं गेले, बोटावरचा बुक्का बोटावरच ठेवून, आणि परत येऊन कथेला उभे राहिले.

षष्ठीला तसंच. सप्तमीला तसंच. रोज मी उठायचो, रोज मी लावायचो. कीर्तन संपलं की बुवा माझा हात दोन्ही हातांत धरायचे.

अष्टमीच्या सकाळी मी खातं उघडून पाहिलं. ती मालिका पहिल्या मजल्यावर सुरू झाली होती. दुसऱ्या मजल्यावर सुरू झाली होती आणि तिसऱ्यावरही. पाच नावांपैकी फक्त ‘मुलं’ तेवढी सुटली होती. दुसरा मजला सगळ्यांत पुढं होता, सहावा भाग. त्यातले चार भाग मोहितेसाहेबांच्या टीव्हीवर लागले होते, सकाळी दहानंतर, मातोश्री आंघोळ आणि पूजा करतात त्या वेळी.

मी ते कुमुदला दाखवलं. का दाखवलं कोण जाणे, बहुधा तिनं माझ्याशी बोलावं म्हणून. तीन दिवस ती "जेवण वाढलंय" यापलीकडं बोललेली नव्हती.

ती हसली. मग हसू जागच्या जागी थांबलं. "म्हणजे आता तुम्हाला सगळ्यांचंच ठाऊक आहे," ती म्हणाली. "तरी संध्याकाळी तुम्हीच बुक्का लावणार."

"कुणीतरी लावायला नको?"

"हात पुसत जा नंतर," ती म्हणाली आणि आत गेली.

नवमीचं कीर्तन सकाळी साडेदहाला. बारा वाजता जन्म. मंडपात मुंगी शिरायला जागा नव्हती, पाळणा फुलांनी भरला होता, सुंठवड्याचा वास सुटला होता. बुवांनी ठेवणीतली पगडी घातली होती. सगळ्या इमारतीला माहीत होतं की हे त्यांचं इथलं शेवटचं. पूर्वरंगात त्यांचा आवाज पहिल्यांदा चढला, फाटला, पुन्हा चढला. मग ते थांबले.

मी हार उचलायला वाकलो, तोवर बायकांच्या बाजूनं कुमुद उठून पुढं आली होती. आमच्याकडं बायका कीर्तनकाराला बुक्का लावत नाहीत. तिनं माझ्या समोरची बुक्क्याची वाटी उचलली आणि बुवांच्या शेजारी, लोकांकडं तोंड करून उभी राहिली.

"एक सांगायचंय," ती म्हणाली. आवाज मागपर्यंत जात होता. "ती मालिका मी पाहिली. आमच्या घरी, आमच्या टीव्हीवर. बुवांचा त्यात काही संबंध नाही."

पेटीवाल्यानं सूर सोडून भाता मिटला.

मोहिते अर्धवट उठले. "वहिनी, तुमची तब्येत बरी नाही. घळसासी, यांना जरा..."

"माझं डोकं त्या दिवशीही दुखत नव्हतं," कुमुद म्हणाली. "यांना सभेच्या आधीपासून माहीत होतं. त्यात यादी येते, कुणाच्या घरी काय लागलं त्याची. यांनी मला दाखवली." तिनं सतरंजीवरून नजर फिरवली. "आठ भाग आहेत. दुसऱ्या मजल्यावर सहावा चाललाय. त्यांचा पुरा होऊ दे, मग शेवट सांगेन."

कुणी हसलं नाही. शिंगटेवहिनी पदराचा काठ मोजायला लागल्या. मोहिते बसले, पण खाली बघून बसले नाहीत. माझ्याकडं बघत बसले. त्या नजरेत राग नव्हता. आता आपण दोघं एकाच पाटावर, असं काहीतरी त्यात होतं, आणि ते मला सहन होईना.

"बुवा, मला माफ करा," कुमुद म्हणाली. "मी चार दिवस गप्प बसले."

बुवांनी पगडी जरा मागं सारली आणि कपाळ पुढं केलं. "लावा, ताई. बारा वाजायला आलेत. जन्म व्हायचाय."

तिनं लावला. मग त्याच वाटीतला बुक्का त्यांनी तिच्या कपाळाला लावला आणि पेटीवाल्याला खूण केली. रांगेतून ते त्या दिवशी फिरले नाहीत. थेट कथेला उभे राहिले. कौसल्येच्या महालात नेलं, दाया नेल्या, दारात दशरथ उभा केला. बाराला गुलाल उधळला, पाळणा हलला, आणि या बाराही घरांतली माणसं डोळे पुसत होती. मीही पुसत होतो.

आरती झाली तशी सगळे पाया पडायला रांगेत आले. मोहितेसाहेब पहिले. त्यांनी मातोश्रींना धरून आणलं, स्वतः वाकले, आणि म्हणाले, "बुवा, असा जन्म कधी ऐकला नाही." शिंगटेवहिनींनी पोरीला पुढं ढकललं, "लावा म्हण बुक्का!" बुवांनी सगळ्यांना लावला. एकाचीही मान त्या दिवशी मागं गेली नाही.  मी खांबाशी उभा राहिलो, रांगेत गेलो नाही. मला त्या रांगेची घाण वाटत होती. आणि तिच्यात माझी जागा पहिली, हेही कळत होतं.

मंडप रिकामा झाला. बुवा झांज फडक्यात बांधत होते. मी जवळ गेलो.

"बुवा, जागा सोडू नका. मी आजच मोहितेंशी बोलतो. कुणी काही म्हणणार नाही आता."

"टेंपो सांगून ठेवलाय उद्याचा. औंधला भाचा आहे."

"माझं चुकलं बुवा. कुमुदचं नाव येईल म्हणून मी... तुम्हाला बाईमाणसाचं कळतं."

"ताईंचं नाव त्यांनी स्वतः घेतलं," बुवा म्हणाले. फडक्याची गाठ त्यांना बसेना. मी हात पुढं केला, त्यांनी गाठोडं थोडं बाजूला घेतलं. रागानं नव्हे, पाणी सांडू नये म्हणून तांब्या बाजूला घेतात, तसं.

"तुम्ही मला शिव्या द्या," मी म्हणालो.

"शिव्या कशाला?" त्यांनी गाठ मारली आणि पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत पाहिलं. त्या डोळ्यांत ओळख शोधल्यासारखं काहीतरी होतं, आणि ती सापडत नव्हती. "पंचमीपासून या मंडपात मला कुणाकडं बघवत नव्हतं, सेक्रेटरी. मी सगळी कीर्तनं तुमच्या तोंडाकडं बघून केली."